भाऊंच्या व्हॅनमधला फोन

नोकरी रोह्याला आणि घर पेणला, अशीच माझी निम्म्याहून जास्त नोकरी झाली. मी शाळेत मराठी शिकवायचे. सुरुवातीची वर्षं एसटीने काढली. पेणहून नागोठणं, तिथे स्टँडवर उभं राहून रोह्याची गाडी, आणि पहिल्या तासाला धापा टाकत वर्गात शिरायचं. मुलं तेवढ्यात फळ्यावर माझं चित्र काढून मोकळी झालेली असत. मग एका जूनमध्ये भाऊ भेटले आणि माझी एसटी सुटली ती कायमचीच.

भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्याच आळीत राहायचे, रोह्याच्या एका बँकेत नोकरीला होते. सगळी आळी त्यांना भाऊच म्हणायची. त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. दार सरकवायचं म्हणजे दोन हातांचं काम, आणि इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे नागोठणं येईपर्यंत पुढे बसणाऱ्याची सीट तव्यासारखी तापायची. ते एकदा नाक्यावर मला एसटीची वाट बघताना दिसले... खरं तर मी त्यांना दिसले. गाडी थांबवून म्हणाले, "बाई, चला. एकट्याने जायचं म्हणजे मला तोंड मिटून बसावं लागतं, आणि ते मला जमत नाही."

खरंच जमत नव्हतं. भाऊंना सिनेमाच्या गोष्टी सांगण्याचा नाद होता. नाद म्हणजे नुसता नव्हे. पाट्या पडण्यापासून शेवटापर्यंत पूर्ण सिनेमा ते सांगत, सगळ्यांचे आवाज काढून. पेणमधून भोगावतीचा पूल ओलांडला की गोष्ट सुरू. गडब जाईपर्यंत नायकाचा बाप मेलेला असे. नागोठण्याला नायिका यायची. आणि मध्यांतर नेहमी भिसे खिंडीत. खिंडीचा चढ लागला की भाऊ गियर टाकायचे आणि म्हणायचे, "इंटरव्हल. आता बाहेर बघा." मग आम्ही बाहेर बघायचो. दोन्ही बाजूंना झाडी, कठड्यावर बसलेली माकडं, पावसाळ्यात दरीतून वर येणारं धुकं. उतार लागला की उरलेली गोष्ट, आणि कुंडलिकेच्या पुलावर शेवट. कधी शेवट राहिला तर तो संध्याकाळी, परतताना. त्यामुळे काही दिवशी मी वर्गात शिकवत असताना एखाद्या नायकाला दरोडेखोरांनी खांबाला बांधून ठेवलेलं असायचं आणि मला पाच वाजेपर्यंत त्याची काळजी असायची.

आमच्याबरोबर तिसऱ्या होत्या सिस्टर. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. पुढच्या तापलेल्या सीटवर त्याच बसायच्या, कारण मागे बसलं की त्यांना मळमळायचं. त्यांचा आवाज करडा, बोलणं कमी. पण भाऊंच्या गोष्टीत कुणाला गोळी लागली की त्या लगेच विचारायच्या, "कुठे लागली? पोटात? मग एवढा वेळ गाणं कसा म्हणतो तो?" भाऊ म्हणायचे, "सिस्टर, सिनेमा आहे." त्या म्हणायच्या, "असू दे." आणि मी मागे एकटीच हसत बसायचे.

त्या रस्त्याने मला किती दिलं हे तेव्हा कळलं नाही. कळायचं तरी कसं, रोजचंच होतं ते. रुंदीकरणाचं काम तेव्हाही चालू होतं, खड्डे तेव्हाही होते. पण दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पलीकडे खाडीकडची चमक, भात कापल्यावर उभ्या राहणाऱ्या पेंढ्याच्या उडव्या, कासूच्या बाजूने कधी कधी आमच्या जोडीने धावणारी पॅसेंजर. गाडी पुढे गेली की भाऊ तिला हात करायचे. "जा बाई, जा, तुला सिग्नलला थांबायचंच आहे." स्टिअरिंगवर त्यांचे दोन्ही हात असत. गाय रस्त्यात बसली असेल तर ते गाडी थांबवून तिची उठायची वाट बघत. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला साधं खरचटूही दिलं नव्हतं.

आणि गडबला होती मावशी.

गडबच्या दुकानांच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला, निळं प्लास्टिक चार काठ्यांवर बांधून ती भाजी विकायला बसायची. तोंडली, गवार, थंडीत वालाच्या शेंगा, कधी सुकट. तिचा नवरा आयुष्यभर मिठागरात राबला होता आणि तीही लग्न होऊन आल्यापासून तिथेच डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होती. मिठागर बंद पडल्यावर ती भाजीकडे वळली. पण मान तशीच राहिली होती, ताठ. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती घरून चालत यायची तेव्हा हात सोडलेले असत. सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या, "अशी मान मी कुणाची बघितली नाही."

सकाळी आम्ही तिच्यासमोरून जायचो तेव्हा ती नुकतीच येत असायची. भाऊ गाडी हळू करायचे, मी काचेतून ओरडायचे, "मावशी, अर्धा किलो तोंडली!"

"ठेवतंय गो बाय, ठेवतंय!"

संध्याकाळी पिशवी तयार असायची. आणि भाजी देताना ती हमखास भाऊंना विचारायची, "काय रं भावा, आज पिच्चर कंचा व्हता?" तिला त्यांच्या नादाचं आम्हीच कधीतरी सांगितलं होतं. भाऊ खिडकीतून मान बाहेर काढून तिला दोन वाक्यांत शेवट सांगायचे. ती कधी म्हणायची, "बरा झाला, मेला तो." कधी नुसतीच जीभ चावायची आणि पिशवीत दोन तोंडली जास्त टाकायची, जणू मेलेल्या नायकाच्या आईला द्यावीत तशी.

फोन आमच्या गाडीत आला तो असा काही वाजतगाजत नाही. आधी भाऊंच्या शर्टाच्या खिशात बटणांचा एक छोटा फोन होता. तो क्वचित वाजायचा आणि वाजला की भाऊ गाडी कडेला घेऊन, खाली उतरून, मोठ्यांदा बोलायचे. मग बँकेचं काम वाढलं. मग मोठ्या काचेचा फोन आला. मग त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तिला मुलगी झाली, आणि ती नात नेमकी आम्ही पेण सोडायच्या सुमारास झोपेतून उठायची. रोज सकाळी फोनच्या काचेवर तिचं झोपाळू तोंड दिसायचं. भाऊ विरघळायचे. सिस्टर फोन आपल्या हातात घेऊन धरायच्या, म्हणजे भाऊंचा हात तरी मोकळा राहील. पण नजर? नजर कोण धरणार?

गोष्टी तुटायला लागल्या. नायक कोर्टात उभा आणि फोन वाजला. बोलणं झाल्यावर भाऊ विचारायचे, "कुठपर्यंत आलो होतो आपण?" मी सांगायचे. पुढच्या वळणावर पुन्हा फोन. बँकेचा, मेव्हण्याचा, गॅस सिलेंडरवाल्याचा. हळूहळू त्यांनी कुठपर्यंत आलो होतो ते विचारणं सोडलं. खिंडीत मात्र रेंज जायची. तिथे भाऊ अजूनही पहिल्यासारखे बोलायचे आणि मला वाटायचं, खिंड आणखी लांब असती तर बरं झालं असतं.

सिस्टरांनी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं होतं. "भाऊ, आमच्याकडे येतात ना अपघाताच्या केसेस, त्यांतले निम्मे शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मोबाइल शोधतात. तुम्ही बोलत जाऊ नका."

"अहो, मी काय नवशिका आहे का? कानाला लावलेला असतो, डोळे रस्त्यावर असतात."

"कान जिकडे असतात तिकडे डोळे जातात," सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मावशीच्याही ते लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी भाऊंनी फोन खांद्याने कानाशी धरून नुसता हात बाहेर काढला, पिशवी घेतली. तिच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा भाऊ आता मानसांशी बोलत नाय गो. डबीशी बोलतो."

ती सकाळ दसऱ्यानंतरची होती. हस्ताचा पाऊस येऊन गेला होता, म्हणून माझ्याजवळ लांब दांड्याची छत्री होती. भात पिवळं झालं होतं. का कोण जाणे, त्या दिवशी भाऊ खुशीत होते. पेण सोडताना त्यांनी कितीतरी दिवसांनी एक गोष्ट सुरू केली, दोन जुळ्या भावांची. आम्ही दोघी सावरून बसलो.

फोन वाजला. पुण्याचा. सिस्टरांनी उचलून सांगितलं, "आजोबा गाडी चालवतायत. रोह्याला पोचल्यावर करतील हं." आणि बंद केला. भाऊ थोडे हिरमुसले, पण गोष्ट पुढे चालू राहिली.

गडब जवळ आलं तसा फोन पुन्हा वाजला. तो काचेखालच्या फळीवर ठेवलेला होता. गाडी खड्ड्यात आदळली आणि तो घसरून भाऊंच्या पायाशी पडला. वाजतच राहिला.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या.

"बघू तरी कोण आहे. बँकेतून असेल." असं म्हणून भाऊ वाकले.

मी मागून समोर बघत होते. निळं प्लास्टिक दिसलं. त्याच्यापुढे मावशी दिसली. नुकतीच पोचली होती, डोक्यावरची पाटी उतरवायला दोन्ही हात वर केलेले, तोंड दुसरीकडे. आणि ती सरळ आमच्याकडे येत होती. म्हणजे तिच्याकडे आम्ही जात होतो, पण मला तसंच दिसलं. सिस्टर आणि मी एकदमच ओरडलो, "भाऊ!"

त्यांनी मान वर केली, ब्रेक मारला, गाडी उजवीकडे ओढली. तरी डावा कोपरा लागलाच. तो आवाज मी कसा सांगू? फार मोठा नव्हता. भरलेलं पोतं कुणी ओट्यावर टाकावं तेवढाच. मग तोंडल्यांचा आवाज, टपटप, टपावर आणि डांबरावर.

सिस्टर माझ्याआधी खाली उतरल्या. मावशी रस्त्याच्या कडेच्या चरात पडली होती. उजवा पाय मांडीपासून नको तिकडे वळला होता. ती रडत नव्हती. तिचे डोळे उघडे होते आणि ती आभाळाकडे बघत नुसती म्हणत होती, "आगो आई... आगो आई..."

"कुणी हलवू नका तिला," सिस्टर करड्या आवाजात म्हणाल्या. "बाई, छत्री." मी छत्री दिली. माझी ओढणी, त्यांची ओढणी, दुकानातून आणलेली सुतळी. छत्री पायाला बाजूने लावून त्यांनी पाय बांधला.  मी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती ताठ मान माझ्या हातात सैल पडली होती.

माणसं जमली. कुणीतरी भाऊंची कॉलर धरली. "डोलं फुटलं का तुजं?" भाऊंनी हात जोडले नाहीत की सोडवून घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं. मारा मला. पण आधी तिला दवाखान्यात न्या." त्यांचा चेहरा मी कधीच तसा बघितला नव्हता. एका दुकानदाराने टेम्पो आणला, त्यात गादी टाकली, चारचौघांनी मावशीला आडवी उचलून ठेवली. सिस्टर तिच्या उशाशी बसल्या. टेम्पो पेणकडे निघाला आणि भाऊ तिथेच, रस्त्यावर सांडलेली तोंडली गोळा करू लागले. एक एक करून. मी त्यांना उठवलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, गाडीत फोन वाजतोय का अजून?"

वाजत नव्हता.

पेणहून तिला अलिबागला हलवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई घालावी लागली. भाऊ पोलीस स्टेशनला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे एक ओळखीचे गृहस्थ होते, चार जणांत वजन असलेले. बाहेर बाकावर बसून ते भाऊंना समजावत होते. "ब्रेक लागला नाही म्हणून सांग. जुनी गाडी आहे, सगळ्यांना पटेल. नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या." मी आणि सिस्टर जबाब द्यायला म्हणून शेजारीच बसलो होतो.  भाऊ म्हणाले, "ब्रेक चांगला होता. मीच खाली बघत होतो."

आत जाऊन त्यांनी तसंच सांगितलं. केस झाली. पुढे कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणून दंड झाला आणि लायसन्स काही महिने जमा राहिलं. बँकेतही चौकशी झाली. पण नोकरी टिकली.

मावशीला बघायला आम्ही तिघं अलिबागला गेलो. भाऊंनी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही बरोबर घेतलं होतं. वॉर्डाच्या दारातच मावशीची सून उभी होती. तिने भाऊंना ओळखलं आणि वाट अडवली. "तुमी आत जाव नका," ती म्हणाली. "तिला बगून माजा जीव कसा व्हतो ते मना म्हायती." भाऊ मागे सरकले. तेवढ्यात आतून आवाज आला, "येव दे गो त्याला."

मावशी उताणी पडली होती. पायाला वजन लावलेलं. चेहरा अर्धा झालेला. भाऊ खाटेशी जाऊन उभे राहिले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण तिनेच आधी विचारलं.

"कोन व्हता रं फोनवर?"

भाऊंनी मान खाली घातली. नंतर त्यांनी तो नंबर बघितला होता. "कुणी नव्हतं, मावशी. कुणीतरी प्लॉट विकणारा होता. ओळखीचासुद्धा नाही."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने हळूच मान वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.  मग सिस्टरांनी तिची चादर नीट केली आणि आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात भाऊ बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. "तिच्या मुलाचा फोन असता, बाई," ते म्हणाले, "माझ्या आईचा असता... कुणाचा तरी असता."

त्यानंतर वहिनी दर दोन-चार दिवसांनी अलिबागला डबा घेऊन जायच्या. सून आधी डबा ठेवून घ्यायची नाही. मग ठेवून घेऊ लागली. मग एकदा वहिनी गेल्या तर ती म्हणाली, "सासूला भाकर नको, मऊ भात आना." वहिनी घरी येऊन मला सांगताना किती खूश होत्या! तो भात त्या नंतर रोज करून पाठवायच्या. मावशी घरी आली तेव्हा खर्चाचं भाऊंनी बघितलं, ते त्यांनी करायलाच हवं होतं. पण त्या घरात ते स्वतः गेले नाहीत. बोलावणं आलं नव्हतं.

व्हॅन आळीच्या तोंडाशी उभी राहिली, तिच्यावर चिंचेची पानं पडत राहिली. लायसन्स परत मिळालं तरी भाऊ चालवायला बसले नाहीत. शेवटी त्यांनी ती देऊन टाकली. नेणारा माणूस आला तेव्हा मी गॅलरीत उभी होते. दार सरकवताना तोच खडखडाट झाला. एवढं सगळं होऊनही त्या गाडीसाठी वाईट वाटावं याची मला लाज वाटली. पण वाटलं खरं. इतकी वर्षं आम्ही तिच्यात हसलो होतो.

मग आम्ही तिघं पॅसेंजरने जाऊ लागलो. गाडीची वेळ आमच्या सोयीची नव्हती, शाळा उघडायच्या आधीच मी रोह्यात पोचायचे आणि चहाच्या टपरीवर सिस्टरांबरोबर बसून राहायचे. पण गाडीत बरं वाटायचं. चालवणारा दुसराच कुणीतरी होता, आणि त्याला आपण बघूही शकत नव्हतो. भाऊ खिडकीशी गप्प बसायचे. फोन ते घरीच ठेवून यायचे. गोष्ट सांगत नसत. सिस्टरांनीच एकदा म्हटलं, "भाऊ, ते जुळे भाऊ, त्यांचं पुढे काय झालं?" भाऊ म्हणाले, "आठवत नाही." आठवत होतं त्यांना. आम्हाला दोघींनाही कळलं.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका सकाळी गडबजवळच्या कासू स्टेशनवर गाडी थांबली आणि आमच्या डब्यात मावशीची सून चढली. डोक्यावर भाजीची पाटी. तिने पाटी खाली ठेवली, वळून हात दिला, आणि मागून काठी टेकत मावशी चढली. रोह्याच्या बाजाराला जात होत्या. रस्त्याच्या कडेला बसणं त्यांनी सोडलं होतं. आता सून पाटी उचलायची आणि मावशी फक्त विकायला बसायची. डोक्यावर काही घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशीला रिकाम्या डोक्याने चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. तिला तिचे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

डबा भरलेला होता. तिने इकडे तिकडे बघितलं. आम्ही दिसलो.  भाऊ अर्धवट उठले, बसावं की जावं ते न कळून तसेच अवघडून उभे राहिले.

मावशी काठी टेकत आली आणि त्यांना म्हणाली, "सरक तिकडं. मना पाय लांब करायचा हाय."

भाऊ सरकले. ती त्यांच्या शेजारी बसली, पाय हाताने उचलून समोरच्या बाकावर, माझ्या आणि सिस्टरांच्या मधोमध ठेवला. सिस्टरांनी लगेच आपली पिशवी तिच्या टाचेखाली सरकवली.  नागोठणं आलं तशी मावशीच म्हणाली, "थंडीचा लय दुखतो."

"शेकता का?" सिस्टरांनी विचारलं.

"शेकतंय. कदी कदी."

"कधी कधी नाही, रोज शेकायचा. आणि मांडीचा व्यायाम? तो करता की नाही?" सिस्टरांनी तिला तिथेच, चालत्या गाडीत, पाय ताठ करून सोडायला लावला. मावशी कुरकुरत होती, सून हसत होती. निडी स्टेशन गेल्यावर मावशी भाऊंकडे न बघताच म्हणाली, "तुज्या बायकोचा हात चांगला हाय रं. भात असा मऊ मना माज्या आईनं बी नाय घातला."

भाऊंनी मान हलवली. 

ती क्षमा होती का, ते मला आजही ठाऊक नाही. मावशीने तसा शब्द कधी उच्चारला नाही आणि भाऊंनी कधी मागितला नाही. पण त्यानंतर बाजाराच्या दिवशी आम्ही तिच्यासाठी खिडकीशेजारची जागा धरून ठेवायचो. ती यायची, पाय लांब करायची, आणि मिठागरातल्या दिवसांचं सांगायची. आगरात पाणी घेतल्यावर ते कसं गुलाबी दिसायचं, मीठ धरलं की उन्हात डोळे कसे दिपायचे, बायका ओळीने पाट्या घेऊन चालताना एकमेकींच्या सासवांच्या नकला कशा करायच्या. नकला ती करूनही दाखवायची. आजूबाजूची माणसं वळून बघायची. भाऊ ऐकत राहायचे. बोलणारा माणूस ऐकणारा झाला होता, आणि ऐकताना तो कधी मध्ये बोलला नाही.

आता आम्ही तिघंही निवृत्त आहोत. भाऊ आणि वहिनी पुण्याला मुलीकडे गेले. सिस्टर त्यांच्या मुलाकडे नाशिकला असतात. कधी फोनवर बोलणं झालं तर आधी विचारतात, "बसलेल्या आहात ना, की रस्त्यावर आहात?" पेणच्या रस्त्याचं काँक्रीट झालं. गाड्या इतक्या जोरात जातात की गडब आलं कधी आणि गेलं कधी हे कळत नाही. माझा भाचा मला कधी मधी गाडीने नेतो. त्याच्या डाव्या हाताला फोनसाठी वेगळी जागाच केलेली असते, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांमध्ये मला माणसं दिसतात ती खाली बघत असलेली. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात उजेड. मी भाच्याला फार बोलत नाही. त्याच्या फोनवर काही चमकलं की एवढंच म्हणते, "कडेला घे, मग बघ." तो म्हणतो, "मावशी, एक सेकंद." मी पुन्हा म्हणते, "कडेला घे." आताशा घेतो.

परवा गौरींच्या दिवसांत मी मुद्दाम गडबला उतरले. मावशीचं घर आता पक्कं झालंय, पुढे पडवी. ती पडवीत पाय पसरून बसली होती, समोर सुपात वाल. खूप म्हातारी झाली आहे. मला ओळखायला थोडा वेळ लागला, मग ओळखलं तशी हाताला धरून खाली बसवलं. तब्येत, सून, नातवंडं, सगळं बोलून झालं. नात कॉलेजात जाते म्हणे, पेणला, बसने. तिची तक्रार अशी की पोरगी भाकरी थापायला शिकत नाही. सून आतून म्हणाली, "शिकंल ना, कुठं पलते भाकरी!" दोघी हसल्या.

मी घड्याळ बघून उठले. तीनची एसटी होती. मावशी म्हणाली, "बस खाली. एसटी काय एकच हाय? गौरीच्या दिवसांत कुनी उपाशी जातो का?" आणि सुनेला हाक मारून सांगितलं, "गो, पान वाढ. बाय जेवल्याबिगर जायची नाय."

मी चपला पुन्हा काढल्या आणि आत गेले.